सतरा नंबर, उभा राहा

बसू नकोस, मी अजून बस म्हटलेलं नाही. सात एकर द्राक्षबागेचा मालक असशील, दोन मुलांचा बाप असशील, गणेश मंडळाचा अध्यक्ष असशील. माझ्या हजेरीपटावर तू सतरा नंबरच आहेस. तुला दहावी होऊन तीस वर्षं झाली, मला निवृत्त होऊन सोळा. पेन्शन सुरू झाली म्हणून मास्तराचा कान धरायचा हक्क काही संपत नाही.

2025 च्या 15 ऑगस्टची सकाळ आठव. झेंडावंदन आटोपून मी सलूनमध्ये दाढीला बसलो होतो. अर्ध्या तोंडाला फेस आणि वस्तरा गळ्याशी, त्यामुळं मला बोलायची सोय नव्हती. ते तुझं नशीब. मागच्या बाकड्यावर तू, हातात मोबाइल आणि समोर चार श्रोते. त्या रात्री अलास्कात ट्रम्प आणि पुतिन भेटायचे होते, पण तू सकाळी साडेदहालाच निकाल लावून मोकळा झाला होतास. "पुतिन अर्धं युक्रेन लिहून घेतल्याशिवाय उठत नाही, बघाच तुम्ही." मग टॅरिफ. "आपणही लावायचा शंभर टक्के, विषय कट." मग गाझा, मग तैवान, मग इराण. एका दाढीच्या वेळात तू पाच खंड पालथे घातलेस. मध्येच दाढी करणाऱ्या पोरानं वस्तरा थांबवून विचारलं, "भाऊ, अलास्का रशियाला चिकटून आहे म्हणता, मग ते अमेरिकेचं कसं काय?" आणि तू म्हणालास, "ते तसंच असतंय रे. मोठ्या देशांचं राजकारण आहे ते."

तिथंच तुझी परीक्षा झाली आणि तिथंच तू नापास झालास. त्या पोराचा प्रश्न तुझ्या सगळ्या भाषणाहून मोलाचा होता. रशियाच्या झारनं 1867 साली अलास्का अमेरिकेला विकलं, 72 लाख डॉलरला. मधल्या सामुद्रधुनीचं सगळ्यात अरुंद अंतर शंभर किलोमीटरही नाही. हे मी तुला नववीत फळ्यावर नकाशा काढून सांगितलं होतं. ते विसरलास, त्याचा राग नाही. मास्तरांची निम्मी मेहनत विसरण्यातच जाते. राग याचा, की "मला माहीत नाही" हे तीन शब्द तुझ्या तोंडून निघाले नाहीत. त्या पोराला सातवीत शाळा सोडावी लागली, तरी त्याला शंका आली. तू पदवीधर, तुला कशाचीच शंका येत नाही.

पुढचं ऐक. सव्वाअकरा वाजले असतील. ग्रामपंचायतीचा शिपाई हजेरीची वही घेऊन सलूनमध्ये आला. त्या दिवशी अकराला ग्रामसभा होती, ती सुरू झालेली होती आणि माणसं भरत नव्हती. त्यानं वही तुझ्यापुढं धरली. तू मोबाइलवरची नजर न काढता सही ठोकलीस, वही शेजारच्याला दिलीस, आणि वाक्य जिथं तुटलं होतं तिथून पुढं चालू केलंस. वाक्य लोकशाहीवर होतं. अमेरिकेतली लोकशाही कशी धोक्यात आलीय, यावर.

मी तोंड पुसून सभेला गेलो. मलाही उशीर झाला, कबूल आहे. मोजून तेवीस डोकी होती, त्यात चार जण सावलीला बसलेले. वहीत सह्या एकशे चार. ग्रामपंचायतीचा कायदा 1958 चा आहे. ग्रामसभेला मतदारांपैकी 15 टक्के किंवा शंभर, यातले जे कमी असेल तेवढे लोक लागतात. आपल्या गावाला म्हणजे शंभर. एकशे चार सह्या झाल्या, गणपूर्ती झाली, ठराव वाचले गेले आणि मंजूर झाले. त्यात गावाच्या वेशीवर स्वागत कमान उभारायचा ठराव होता. पिण्याचं पाणी शुद्ध करणाऱ्या, बंद पडलेल्या आरओ यंत्राच्या दुरुस्तीचा विषय "पुढील सभेत घेण्यात यावा" असा शेरा मारून बाजूला ठेवला. मी उठून विचारलं, तर मला वही दाखवली. "सर, तुमच्याच विद्यार्थ्याची सही आहे बघा." मी काय बोलणार? तुझं अक्षर मी ओळखतो. शेवटच्या अक्षराला शेपूट काढायची सवय तुला आठवीत लागली, ती मी मोडू शकलो नाही.

तो आरओ बंद आहे म्हणून तुझ्या घरी रोज वीस लिटरचा जार येतो. त्या जारवरून सरकारच्या नावानं बोटं मोडतानाही मी तुला त्याच बाकड्यावर ऐकलंय. अरे, पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला 60 टक्के पैसा बंधित होता. पाणी आणि स्वच्छता यांवरच तो खर्च करायचा होता, कमानीला लावताच येत नव्हता. म्हणजे आरओ दुरुस्त करायला पैशाची वाट वेगळीच होती. मागणारा माणूस तेवढा सभेत नव्हता. तो सलूनमध्ये बसून युक्रेनची वाटणी करत होता.

आता तुझ्या डोक्यात काय चाललंय ते कळतंय मला. सर म्हातारे झाले, सर म्हणतायत आपलं गाव बघ, जगाच्या उठाठेवी कशाला करतोस. तसं मी बापजन्मी म्हणणार नाही. आयुष्यभर भूगोल शिकवून "जगाकडे बघू नका" असं सांगायला मी काय वेडा आहे? उलट माझी तक्रार अशी आहे, की तू जगाकडे बघतच नाहीस. तू सामना बघतोस. कोण जिंकला, कुणी कुणाला ठोकलं, आपला कोण आणि परका कोण. जग तुझ्या बांधावर येऊन उभं राहिलं, तरी तुला ओळखू येत नाही.

2024 च्या जानेवारीतली गोष्ट घे. येमेनचे हुथी लाल समुद्रातल्या जहाजांवर हल्ले करत होते. तू व्हॉट्सॲप ग्रुपवर क्षेपणास्त्रांच्या चित्रफिती टाकायचास, खाली "एक नंबर!" असं लिहून. दोन महिन्यांनी माझ्या ओट्यावर येऊन बसलास तेव्हा तोंड उतरलेलं होतं. "सर, व्यापारी भाव पाडतोय. म्हणतो, माल पोचायला उशीर होतो, भाडं वाढलं. सगळे चोर आहेत." मी तुला आत नेऊन भिंतीवरचा नकाशा दाखवला होता, आठवतं? न्हावा शेव्याहून तुझ्या द्राक्षांचा कंटेनर निघतो, अरबी समुद्र ओलांडतो आणि बाब अल-मंदेबच्या चिंचोळ्या दारातून लाल समुद्रात शिरतो. त्या नावाचा अरबीत अर्थ अश्रूंचं दार. पुढं सुएझ कालवा, भूमध्य समुद्र आणि शेवटी रॉटरडॅम. ते दार धोक्याचं झालं म्हणून जहाजं आफ्रिकेला वळसा घालून, केप ऑफ गुड होपवरून जायला लागली. दहा-पंधरा दिवस जास्त, इंधन जास्त, विमा जास्त. द्राक्षाला दहा-पंधरा दिवस म्हणजे काय, ते तुला मी सांगायचं? मण्याचा देठ सुकतो, हिरवेपणा जातो, आणि तिकडचा दुकानदार पेटी उघडून नाक मुरडतो. तू ज्याला "एक नंबर" म्हणत होतास ते क्षेपणास्त्र तुझ्याच पेटीवर पडत होतं.

व्यापाऱ्यानं त्यात हात धुऊन घेतले नसतील असं मी म्हणत नाही. घेतले असतील. पण किती खरं आणि किती खोटं, हे त्याला विचारायला तुझ्याकडं नकाशा हवा होता. तो नव्हता, म्हणून त्यानं सांगितला तो भाव तू घेतलास आणि शिवी गिळलीस. 2021 च्या मार्चमध्ये एव्हर गिव्हन नावाचं चारशे मीटरचं जहाज सुएझमध्ये आडवं होऊन सहा दिवस अडकलं होतं. तेव्हा तू त्यावरचे विनोद पाठवले होतेस. विनोद चांगले होते, मीही हसलो. पण धडा तेव्हाच समोर आला होता.

कांद्याचंही तेच. ऑगस्ट 2023 मध्ये निर्यातीवर 40 टक्के शुल्क लागलं, 8 डिसेंबरपासून निर्यातच बंद झाली, ती 4 मे 2024 ला उठली तेव्हाही 40 टक्के शुल्क लागू होतं. लासलगावच्या बाजार आवारात लोक डोक्याला हात लावून बसले होते. तू त्या दिवसांत काय बोलत होतास, हे मी ग्रुपवर मागं जाऊन वाचलं. म्हाताऱ्याला वेळ असतो. गाझावर सदतीस वेळा, कांद्यावर दोनदा. दोनदा तेही शिव्याच. बरं, गाझावर बोललास ते तरी नीट? ती पट्टी एक्केचाळीस किलोमीटर लांब. मुंबई महापालिकेची हद्द तिच्याहून मोठी आहे, आणि तेवढ्याशा जागेत वीस लाखांवर माणसं राहतात. हे ठाऊक असतं तर कुठलीही बाजू घेणारा माणूस निदान आवाज खाली करून बोलला असता. मी तुला मंडळाच्या मांडवात विचारलं, गाझा नकाशावर दाखव. तुझं बोट इराकवर टेकलं.

आणि हा टॅरिफ. गणपती बसले त्याच दिवशी, 27 ऑगस्टला, अमेरिकेचा आपल्या बऱ्याच मालावरचा कर 50 टक्क्यांवर गेला. तू मांडवात माइक हातात घेऊन गर्जलास. टाळ्या पडल्या. त्याच्या आठवडाभर आधी, 19 तारखेपासून, आपल्याच सरकारनं कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क उठवलं. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग मुदत वाढवून डिसेंबरअखेरपर्यंत. गिरण्यांना कापूस स्वस्त पडावा म्हणून. तुझे सासरे पारोळ्याकडं कापूस लावतात. त्यांचा कापूस बाजारात यायच्या वेळी बाहेरचा बिनशुल्काचा कापूस समोर उभा राहणार होता. ते बरोबर की चूक, यावर दोन बाजूंनी बोलता येईल. गिरणीतल्या कामगारालाही पोट आहे. पण तुला ती बातमीच माहीत नव्हती. ती पान सातवर होती आणि तिच्यात कुणी कुणाला ठोकलेलं नव्हतं.

मान खाली घालू नकोस, इकडं बघ. 2025 च्या मे महिन्यातलंही राहिलंय. ऑपरेशन सिंदूर चालू असताना विमान पाडल्याची एक चित्रफीत तू पाठवलीस, सोबत तीन तिरंगे. माझ्या नातवानं ती बघितली आणि बघताक्षणी म्हणाला, "आजोबा, हा गेम आहे. हा माझ्याकडं पण आहे." तू एकटा नव्हतास, हे खरं. कराचीचं बंदर बेचिराख झालं असं त्या रात्री मोठमोठ्या वाहिन्या घसा फोडून सांगत होत्या आणि सकाळी बंदर जागेवर होतं. वाहिन्यांनी लाज सोडली म्हणून तूही सोडायचीस? मी तुला फोन करून सांगितलं. तू म्हणालास, "असू दे सर, भावना पोचल्या ना." भूगोलात उत्तर चुकलं तर "भावना पोचल्या" म्हणून मी कधी मार्क दिलेत का? ग्रुपवर "माझी चूक झाली, ती चित्रफीत खोटी होती" एवढं लिहायला तुझी बोटं झिजली असती? आजपर्यंत लिहिलेलं नाहीस. सीमेवर आपल्या तालुक्यातलीही पोरं आहेत. त्यांच्या आईच्या मोबाइलवर तो खेळ पोचला असेल, याचा एकदा विचार कर.

मत म्हणजे काय, ते तुला एकदा सांगतो. लोकहितवादींनी 1848 पासून 'प्रभाकर' साप्ताहिकात पत्रं लिहायला सुरुवात केली, तेव्हा त्यांचं वय पंचवीस. दोन वर्षांत एकशे आठ पत्रं झाली. सरकारी नोकरीतला एक माणूस, आणि लिहिलं काय? आपल्याच लोकांचा आळस, आपल्याच भटभिक्षुकीचा पोकळपणा, आपलंच अज्ञान. इंग्रज इथं का जिंकले, याचं उत्तर त्यांनी इंग्रजांना शिव्या घालून दिलं नाही. त्यांचा इतिहास वाचून दिलं. त्याच काळात, 1849 मध्ये, त्यांनी 'लक्ष्मीज्ञान' हे अर्थशास्त्राचं पुस्तक काढलं. आधी अभ्यास, मग मत. आणि ते मत आपल्याच माणसांना झोंबेल असं. तुझी मतं आजवर कुणाला झोंबली? पुतिनला? सलूनमधले चारही जण तुझ्याशी आधीपासूनच सहमत असतात.

लांबचं नको वाटत असेल, तर जवळचं घे. मुकुंदराव पाटलांनी 1910 मध्ये 'दीनमित्र' साप्ताहिक सुरू केलं ते शहरात नव्हे. आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या खेड्यातून ते निघायचं, पुढं कित्येक वर्षं तरवडीहून. छपाईचा कागद आणायलासुद्धा किती यातायात पडत असेल, याचा अंदाज कर. त्या माणसानं खेड्यात बसून शेतकऱ्याला जग सांगितलं आणि जगाला शेतकरी. तुझ्या खिशातल्या यंत्रात त्यांच्या छापखान्याहून हजारपट ताकद आहे, आणि तू त्यावर "गुड मॉर्निंग" आणि रणगाडे पाठवतोस.

एक तोंडी प्रश्न विचारतो. तुझ्या गटाचा जिल्हा परिषद सदस्य कोण? बघ, लगेच नाव सांगितलंस. चूक. ते 2017 ला निवडून आले होते. नाशिक जिल्हा परिषदेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली. तेव्हापासून सप्टेंबर 2025 पर्यंत साडेतीन वर्षं तिथं प्रशासकच होता. पाच वर्षांची मुदत संपायच्या आत निवडणूक झाली पाहिजे, असं राज्यघटनेच्या 243-ई कलमात लिहिलेलं आहे. मुंबई, पुणे, नाशिक, सगळ्या महापालिकांची हीच गत होती. शेवटी 6 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की चार महिन्यांत निवडणुका उरका. ते चार महिने अनंत चतुर्दशीला संपले. कुठं दिसली तुला निवडणूक? 2024 च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या सात स्विंग राज्यांची नावं तू पाढ्यासारखी म्हणत होतास. पेनसिल्व्हेनियात कोण किती मतांनी पुढं आहे, हे तुला पहाटे चारला ठाऊक होतं. तुझ्या स्वतःच्या गटात साडेतीन वर्षं खुर्ची रिकामी होती, ते तुला आत्ता, माझ्याकडून कळतंय. शाळेच्या गळक्या खोलीचा अर्ज घेऊन गेल्या पावसाळ्यात तू कुणाच्या घरी गेला होतास? त्यांच्याच ना? त्यांनी चहा पाजून परत पाठवलं आणि तू "राजकारणी सगळे सारखेच" म्हणून गावात येऊन सांगितलंस. बिचाऱ्यांच्या हातात शिक्काच नव्हता रे.

यात माझाही वाटा आहे, तो लपवत नाही. नागरिकशास्त्राला मार्क कमी, म्हणून तुम्ही ते परीक्षेच्या आदल्या रात्रीवर ढकलायचात आणि मीही फेब्रुवारीत शेवटचे धडे एका तासात उरकायचो. "ग्रामसभेची कार्ये लिहा" याचं पाच मुद्द्यांचं उत्तर मी तुम्हाला लिहून दिलं, तुम्ही पाठ केलंत आणि पाचपैकी पाच मिळवलेत. एकदाही मी वर्ग उठवून तुम्हाला खऱ्या ग्रामसभेला नेऊन बसवलं नाही. शाळेपासून दोनशे पावलांवर होती. त्या पाच मार्कांची लाज मला त्या सकाळी, दाढीच्या खुर्चीत, वाटली.

म्हणून शिक्षा दोघांनाही. मी रविवारी सकाळी नऊ ते दहा ओट्यावर नकाशा लावून बसणार आहे. ज्याला यायचं त्यानं यावं, चहा मिळेल. तू एक शंभर पानी वही आणायची. जगाची जी बातमी बोलायची असेल, ती आधी त्यात लिहायची. ती जागा नकाशावर कुठं आहे ते बोट ठेवून बघायचं, बातमी कुणी दिली ते लिहायचं, आणि तिचा आपल्या कांद्याशी, द्राक्षाशी, पोरांच्या नोकरीशी काही धागा लागतो का ते शोधायचं. लागला नाही तरी चालेल. माणसं मरतात ती बातमी आपल्या कांद्याशी जोडल्याशिवाय कळू नये, इतकेही आपण कोते होऊ नये. पण शोधायचा मात्र. तोवर सलूनमध्ये तोंड बंद. गळ्याला वस्तरा लागलेला आहे असं समज.

आणि मोबाइल काढ. आत्ता, माझ्यासमोर. ई-ग्रामस्वराज नावाचं ॲप 2020 पासून आहे. ते उतरवून घे. राज्य निवड, जिल्हा, तालुका, आता आपलं गाव. ही बघ गेल्या वर्षीची कामं, आणि हा समोर खर्च. पाण्याच्या नावावर किती दिसतोय? वाच मोठ्यानं. हं. आणि आरओ बंद. आता या आकड्याची बिलं हवी असतील, तर साध्या कागदावर माहिती अधिकाराचा अर्ज, त्यावर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, आणि तीस दिवसांत उत्तर द्यायला ते बांधील आहेत. मजकूर मी सांगतो, अक्षर तुझं. सहीला शेपूट नको.

पुढची ग्रामसभा 2 ऑक्टोबरला आहे. दरवर्षी दसऱ्याला संध्याकाळी सोनं द्यायला येतोस, पाया पडतोस, मी आशीर्वाद देतो. या वर्षी त्याआधी 2 ऑक्टोबरला सकाळी अकराला ग्रामपंचायतीत ये. आरओचा विषय "पुढील सभेत" ठेवलाय, ती पुढची सभा हीच. ठराव आधी वाच, मग तिथं बसून सही कर. न पटला तर उभं राहून तसं सांग आणि तुझा विरोध इतिवृत्तात लिहून घे. आणि येताना सलूनमधल्या त्या पोराला बरोबर आण. त्याला अलास्काचं उत्तर द्यायचं राहिलंय. ते तू द्यायचंस.